लग्नात पिलू वर्ज्य

हे सांगायचं मी सव्वीस वर्षं टाळत आलो. विमलला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. ती जाऊन सात वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारातही नाही. लेकाला नाही, सुनेला नाही, गाणं शिकायला आलेल्या कोणाला तर नाहीच. आता ऐंशीला एक वर्ष कमी आहे. आवाज बसला. पण अक्षर अजून चांगलं आहे, म्हणून लिहितो. आणि आधीच सांगून ठेवतो — मी रडगाणं गाणार नाही. जे केलं ते मी केलं. शुद्धीत केलं, चांगल्या अक्षरात केलं.

चांगल्या अक्षरात म्हणतो, कारण तो एक कागद होता.

कळमनुरीत मी शाळेत संगीत शिकवायचो. आजूबाजूच्या गावांत गाण्याची परीक्षा पास झालेला माणूस मी एकटाच. त्यामुळे लगीनसराई आली की लोक यायचे. मुलीचं लग्न आहे, सनई लावायची आहे, काय वाजवायला सांगू? प्रेमाचे राग कोणते, असं तोंडानं विचारायला लाजायचे. म्हणायचे, ‘गुरुजी, काहीतरी गोड सांगा.’ दर वेळी तेच सांगून कंटाळलो आणि एक यादी लिहून काढली. सकाळच्या हळदीला देसकार. दुपारच्या लग्नाला वृंदावनी सारंग. संध्याकाळचा मुहूर्त असेल तर यमन. वरातीला खमाज. नवरा-नवरी घरी पोचली की बिहाग. चांगली यादी होती ती. आजही त्यातलं एक नाव मी खोडणार नाही.

पण शेवटी एक ओळ होती. ‘पिलू वर्ज्य. दोन गंधार, दोन चुली.’

ज्याला गाणं येत नाही त्याच्यासाठी सांगतो. गंधार म्हणजे सरगमातला ग. बहुतेक रागांत तो एकाच जातीचा असतो, कोमल नाहीतर शुद्ध. पिलूत दोन्ही नांदतात. आता दोन गंधार एका रागात आले म्हणून घरात दोन चुली होतील, असं कुठल्या ग्रंथात आहे? कुठल्याच नाही. ती ओळ मी रचली. ओसरीवर बसून, एका दुपारी.

का रचली?

कारण बशीरभाई पिलू फार सुंदर वाजवायचे. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला — सापडलं नाही.

बशीरभाई आमच्या गावचे सनईवाले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात सनई बापजाद्यांपासून. यादी लिहिली त्या वर्षी सेनगावकडच्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं. मला मानानं बोलावलं, लग्न लागायच्या आधी गायला. मी सारंग मांडला. नियमानं, अगदी शुद्ध. लोक बोलत होते, पोरं खुर्च्या ओढत होती, एक जण तर माझ्या माईकवरून जीपच्या ड्रायव्हरला हाका मारून गेला. मग मी उतरलो आणि बशीरभाईंनी पिलू धरला. पहिले चार सूर लागले असतील. मांडव गप्प झाला. तांदूळ वाटणारी बाई ताट घेऊन उभीच राहिली. नवरीनं मान खाली घालायची असते; तिनं वर पाहिलं, नवऱ्याकडे, आणि तोही पाहत होता.

परतताना एसटीत विमल माझ्या शेजारी. जरा वेळानं म्हणाली, “तुमचं बराबर असतं हो. कुठं चुकत न्हाई. पण बशीरभाईचं ऐकून मला आपलं लगीन आठवलं.”

मी म्हणालो, “पिलू हलका राग आहे. त्यात मोठा ख्याल नसतो.”

“असंल हलका,” ती म्हणाली. “तुमी बी गा की मग.”

ती हसली. वाईट काही म्हणाली नव्हती. पण मी ते हसू घरी घेऊन आलो, आणि यादी लिहायला बसलो तेव्हा ती ओळ आपोआप खाली उतरली. आपोआप? नाही. मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट जमवली. पाठ होईल अशी केली.

ती पाठ झाली. एकानं यादीची झेरॉक्स काढली, दुसऱ्यानं लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात चिकटवली. दोन लगीनसराया गेल्या आणि कळमनुरीपासून वसमतपर्यंत म्हाताऱ्या बायका सांगायला लागल्या, पिलू नको गं बाई, दोन चुली होतात. कुठल्या शास्त्रात आहे ते दाखवा, असं एकानं तरी मला विचारलं का? एकानंही नाही. मला त्या लोकांचा राग यायचा. अजून येतो. खोटं मी बोललो हे खरं, पण इतक्या सहज कोणी गिळतं का?

मागच्या महिन्यात शेजारच्या मुलीनं मोबाईल आणून दाखवला. तिचं लग्न ठरलंय. लग्नासाठी सगळ्यांत रोमँटिक शास्त्रीय संगीत, अशी कुठून कुठून फिरत आलेली यादी. वाचली. देसकार, सारंग, यमन... माझीच. आणि तळाशी लिहिलेलं — प्राचीन शास्त्रानुसार लग्नात पिलू टाळावा. मी जिवंतपणी प्राचीन झालो होतो. “आजोबा, यातलं खरं किती?” तिनं विचारलं. मी म्हणालो, चष्मा नाही. चष्मा नाकावर होता.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एक खोडसाळ ओळ. आणि सनई तशीही डीजेनं संपवलीच असती.

थांबा. ती ओळ ही माझी कबुली नव्हे. तिथपर्यंत यायला मला इतका वेळ लागला, एवढंच.

बशीरभाईंना एक मुलगी, जुबेदा. मी यादी लिहिली त्याच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालेलं. बापानं लहानपणीच तिला कबूल केलं होतं — तुझ्या रुखसतीला मीच वाजवीन. लेक सासरी निघाली आणि बापानं सनई ओठाला लावली. मी हजर होतो. त्यांनी पिलूच वाजवला. दुसरं काय वाजवतील?

पुढे तिच्या सासरी भावाभावांत वाटण्या झाल्या. हाणामाऱ्या झाल्या. त्यात नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला आला नाही. तोवर माझी यादी गावभर झालेली.

एका सकाळी बशीरभाई माझ्या ओसरीवर आले. कधी न येणारा माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली. आधी थट्टेनंच बोलले, “गुरुजी, आमच्या अब्बांनी जिंदगीभर पिलू वाजिवला. आमच्या घरात तर एकच चूल हाय, ती बी धड पेटत न्हाई.” मी हसलो नाही. मग त्यांचा आवाज उतरला. “एक पुसायचं हाय. जुबेदाच्या रुखसतीला मी पिलूच वाजिवला. तिच्या सासरी दोन चुली झाल्या. हे... माझ्यानं झालं का?”

आता सांगा, या प्रश्नाला उत्तर किती मोठं लागतं? नाही. एवढा एक शब्द. ‘नाही’ म्हटलं असतं तरी माझी ओळ शाबूत राहिली असती, माझं गुरुजीपण शाबूत राहिलं असतं. ‘तुमच्या धर्मात हे लागू नाही’ असलं काही थातूरमातूर म्हटलं असतं, तरी तो माणूस सुटला असता. मी ते म्हटलं नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, “शास्त्राचं असतं, बशीरभाई. जाणूनबुजून थोडंच केलंत.”

त्यांनी टोपी घातली. “शास्त्रात असंल तर बराबर असंल,” म्हणाले, आणि गेले. त्यानंतर त्यांच्या सनईतून कोणी पिलू ऐकला नाही. सारंग वाजवायचे, यमन वाजवायचे. माझ्या यादीबरहुकूम. ते ऐकताना मला वाटायचं, माझा एक विद्यार्थी वाजवतोय. साधारण विद्यार्थी.

ते उत्तर मी भीतीनं दिलं का? नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. हेच लिहायचं होतं.

बशीरभाई दोन वर्षांपूर्वी गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. जुबेदा आता शिवणकाम करते, तिच्या केसांत पांढरं दिसतं. तिनं मशीन बाजूला सारून मला खुर्ची दिली, चहा दिला. मग मशीनवरच्या कापडाकडे बघत म्हणाली, “गुरुजी, मी माहेरी आले तवापासून अब्बा माझ्या तोंडाकडं बघून बोलले न्हाईत. सासर सोडून आले म्हणून मनात राग धरला त्यांनी. इतकी वर्षं.”

तो राग नव्हता. लेकीचं घर आपण मोडलं असं समजून त्या माणसाला तिच्याकडे बघवत नव्हतं. हे तो कोणाला बोलला नसणार, आणि ज्याला बोलला होता तो तिच्यासमोर चहा पीत बसला होता.

मी म्हणालो, फार भला माणूस होता.

आता जे माझ्या हातात आहे ते करतो. लिहून देतो — लग्नाला पिलूसारखा राग नाही. यमन मोठा आहे, बिहाग देखणा आहे, पण दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात तेव्हा वाजायला पिलूच हवा. कोमल आणि शुद्ध दोन्ही सांभाळून घेणारा तोच आहे. लग्नात वाजवा. मला हसा, शिव्या द्या, सत्कारात दिलेली शाल परत मागा. मी द्यायला तयार आहे.

पण हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, तेवढं मला कळतं. जुबेदाचं घर इथून चार गल्ल्यांवर आहे. त्या दिवशी ती मला पोचवायला दारापर्यंत आली. मी चपला घालायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. वाक्य तयार होतं. जुबेदा, अब्बा तुझ्यावर रागावले नव्हते. त्यांना मी फसवलं. ती ओळ खोटी होती, माझी होती, आणि त्यांनी विचारलं तेव्हाही मी — बेटा, मला...

“गुडघं दुखतात का, गुरुजी?” तिनं विचारलं, आणि हात धरून मला उभं केलं.

“व्हय,” मी म्हणालो.