गिरजाबाईंचे नातेवाईक

माणसाला शेवटी माणसाचाच आधार असतो. चांद्याच्या निराधार निवासाच्या दारावर हे वाक्य संगमरवरात कोरलेले होते आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. दारातून आत गेल्यावर मात्र नियमांची पाटी होती. तिच्यावरचा पहिलाच नियम असा होता की, ज्याला कोणा माणसाचा आधार आहे त्याला येथे प्रवेश मिळणार नाही. दोन्ही मजकूर अध्यक्ष आबासाहेबांनीच तयार केले होते आणि दोन्हींचे अनावरण एकाच दिवशी झाले. विसंगती कोणाच्या लक्षात आली नाही, कारण हारतुरे बरेच होते.

इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती. गावातल्या प्रतिष्ठितांना समाजासाठी काहीतरी करायचे होते, शक्यतो ज्याचे उद्घाटन करता येईल असे काहीतरी. जटपुरा दरवाज्याजवळ धान्याचे एक जुने गोदाम पडून होते. त्याला चुना फासला, आत खाटा टाकल्या आणि निवास झाला. काही खर्च या प्रतिष्ठितांचे मंडळ करी, बाकीचा सरकारी अनुदानातून चाले. मी तिथला व्यवस्थापक होतो. माझे काम म्हणजे येणाऱ्याचे प्रवेशपत्रक भरणे. त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना 'हयात नातेवाईक' हा होता. नियमांत आधार म्हणजे नातेवाईक असेच धरले होते; या रकान्यात 'नाहीत' असे लिहिले की खाट मिळे.

गिरजाबाई आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाटी होती. पाटीत एक लुगडे, एक पितळी गडवा आणि सुकवलेल्या झिंग्यांची पुरचुंडी. पुरचुंडी दिसण्याआधी कळली. वय साठीच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाज मात्र तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर पोचेल असा. सावली गावाकडच्या एका तलावावर नवऱ्याच्या बरोबरीने त्यांनी आयुष्यभर मासे धरले होते. नवरा गेला, मागोमाग मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली, तलावाचा ठेका दुसऱ्याने घेतला आणि पाळीवरची त्यांची झोपडी नव्या ठेकेदाराच्या डोळ्यांत खुपू लागली. झोपडी मोडल्यावर त्या चालत चांद्याला आल्या होत्या.

मी पत्रक पुढे ओढले. नाव झाले, गाव झाले.

"हयात नातेवाईक?"

"भाऊ आहे ना सावलीले."

मी टाक थांबवला. "तो सांभाळतो का तुम्हाला?"

"सांभाळते कायले. दारात उभी नाई करत. भावजयीचं अन् माहं एका लगनात तोंड झालं, तवापासून बंद आहे."

"मग 'नाहीत' असेच लिहितो. नियम तसा आहे."

"काऊन? जिता आहे तो. मागच्या बजारात दिसला, बिडी पीत होता. त्याले मी अंगठा टेकवून मारू काय?"

"मारायचे नाही हो, नुसते लिहायचे."

"लिवलं म्हनजे झालंच ना, बाबू. मी निराधार नाई. मले घर नाई, येवढंच."

एवढे बोलून त्या बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. तीन दिवस बसल्या. ना रडणे, ना विनवणी. येणाऱ्याजाणाऱ्याला गाव विचारायच्या आणि मधूनच आत डोकावून मला सांगायच्या, "तुमचा सैपाकी भात कच्चा ठेवून राह्यला." चौथ्या दिवशी हे ऐकून ऐकून स्वयंपाकी काम सोडून गेला. मंडळाकडे नव्या स्वयंपाक्याला पगार नव्हता. आमचे अध्यक्ष मानद, सचिव मानद, कोषाध्यक्षही मानद, तेव्हा मी 'मानद स्वयंपाकीण' असे पद सुचवणारा कागद आबासाहेबांपुढे ठेवला. शब्द त्यांना आवडला. पदाधिकाऱ्याला प्रवेशपत्रक लागत नाही. गिरजाबाईंना चुलीमागचा कोपरा मिळाला आणि त्यांचा भाऊ जिवंत राहिला. झिंगे घरात शिजवायचे नाहीत, एवढी एकच अट होती. ते त्या मागच्या परसात शिजवत. वारा तिकडून असला की आबासाहेबांचे भाषण आटोपशीर होई.

स्वयंपाक हे त्यांचे मानद काम. खरे काम वेगळेच होते. नवा माणूस दारात आला की त्या पदराला हात पुसत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहत आणि माझ्याआधी सुरू करत. "गाव कोन्तं, बाप्पा? माय कुठची? मामाचं गाव?" माणूस सांगत जाई आणि त्या डोळे बारीक करून ऐकत. थोड्या वेळात कुठला तरी धागा हाताला लागे. लागला नाही तर आजीपर्यंत, पणजीपर्यंत मागे जात. "इचारलं का निंगते," असे त्यांचे म्हणणे होते. सोयरीक निघाली की त्या माझ्याकडे वळत. "लिव."

रहीमभाई कल्हईवाले नदीपलीकडच्या राजुऱ्याहून आले तेव्हा मला वाटले, इथे बाईंचे काही चालणार नाही. रहीमभाईंनी टोपी काढून सरळ सांगितले, "बाबूजी, अपना कोनी नाई. लिवून टाका."

"माय कुठची तुमची?" गिरजाबाईंनी विचारले.

"पोंभुर्ण्याची. काऊन?"

"पोंभुर्णा तर माह्या मायचं माहेर. बाप काय करे?"

"कल्हईच करे. ह्या भागातली सारी लगनं त्याच्याच हातची."

"म्हनजे माह्या मायच्या लगनातली भांडी तुह्या बापानं चकाकवली असन."

"असन बा. मी तवा जनमलो नव्हतो."

"तू नव्हता, पर बाप होता ना. माह्या मायच्या गावचा भाचा तू, म्हनजे माहा भाऊच लागतो. लिव बाबू, बहीण एक, हयात."

रहीमभाई माझ्याकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे. "लिवा," ते म्हणाले, "बाई आयकनार नाई." मी लिहिले आणि खाटही दिली. लिहिलेले गिरजाबाईंना वाचून दाखवावे लागे. अक्षरओळख नसली तरी वाक्याची लांबी त्यांना कळत होती आणि 'नाहीत' हा शब्द फार आखूड असल्याचे त्यांनी ओळखले होते. मीही फारशी हरकत घेतली नाही. भरलेली पत्रके कपाटात जात आणि तिथून ती कोणी काढून वाचल्याचे माझ्या पाहण्यात नव्हते. सरकारी कागद कोणी वाचत नाही, हा माझा तेव्हाचा अनुभव. तोच पुढे नडला.

वर्षभरात निवासाची कळा पालटली. आधी माणसे भिंतीकडे तोंड करून पडून असत. आता ती भांडू लागली. रहीमभाईंना मामा म्हणायचे की काका, यावर दोन दिवस अबोला चाले. धानोऱ्याकडचा एक गोंड म्हातारा कोणाचा तरी व्याही ठरला. त्यामुळे त्याला पहिली पंगत द्यावी लागे आणि तो व्याह्यासारखाच भाताला नावे ठेवी. एका बहिऱ्या माणसाची पोंभुर्ण्याकडची खरीखुरी पुतणी बाईंनी बाजारकऱ्यांकडून निरोप पाठवून शोधून काढली. ती बैलगाडी घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. तो जाताना रडला. गिरजाबाई म्हणाल्या, "आता काऊन रडून राह्यला? आला तवा रडाचं होतं."

पौषातली थंडी ऐन भरात असताना अनुदानाच्या तपासणीसाठी एक साहेब आले. चाळिशीचे, बारीक, अबोल. हातात लोखंडी ट्रंक, खांद्यावर वळकटी. आबासाहेबांनी हार आणि भाषण तयार ठेवले होते. साहेबांनी हार टेबलावर ठेवला आणि भाषण उभ्याउभ्याच ऐकले. मग ते कपाटातली पत्रके मागवून खुर्चीवर बसले आणि सगळी वाचली. मी पाहिलेला असा तो पहिलाच माणूस.

"यात तर प्रत्येकाला नातेवाईक आहेत," ते म्हणाले.

"आहेत," मी म्हणालो.

"आणि ते इथेच राहतात."

"बरेचसे."

"हे निराधार निवास नाही. एकत्र कुटुंब आहे. नियमाप्रमाणे यातला एकही माणूस पात्र नाही. आठ दिवसांत जागा रिकामी करावी लागेल आणि अनुदान बंद होईल."

आबासाहेबांनी हातातले भाषण घडी घालून खिशात ठेवले. दाराशी रहीमभाई उभे होते. त्यांनी जाऊन आत सांगितले असावे, कारण पलीकडच्या खोलीतली सगळी भांडणे एकदम थांबली. बाहेर अशी थंडी की चुलीपासून चार हातांवर पाणी बोटाला चावे. या माणसांना घेऊन कुठे जायचे, हे मला सुचत नव्हते.

गिरजाबाई ताट घेऊन आल्या. नव्या धानाचा भात, वर वरण, आणि कडेला आबासाहेबांच्या डोळ्यांदेखत झिंग्यांची चटणी. ताट ठेवून त्या समोर बसल्या.

"गाव कोन्तं, साहेब?"

"बालाघाटकडचे."

"माय-बाप आहेत?"

"नाहीत."

"भाऊ-बहीन?"

"नाहीत."

"लगन?"

"राहून गेले."

"मामा तरी असन एखांदा."

"होते. वारले."

बाईंनी डोळे बारीक केले, आणखी दोन-तीन गावे विचारली, आजीच्या माहेराला हात घातला. साहेबांना ते गाव माहीत नव्हते. असे कधी झाले नव्हते. बाई जराशा खचल्या.

"मंग घर कुठी आहे?"

"बदलीची नोकरी आहे, बाई. आज इथे, उद्या तिथे. विश्रामगृहात राहतो."

"अन् सामान?"

साहेबांनी ट्रंकेकडे बोट दाखवले.

गिरजाबाई माझ्याकडे वळल्या. चेष्टेचा मागमूसही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. "बाबू, एक कागद काढ. तुह्या नियमात बसनारा मानूस आज आला. याले कोनीच नाई. लिव 'नाहीत', अन् खिडकीकडची खाट दे."

आबासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी टाक हातात धरला होता, तो खाली ठेवावा की शाईत बुडवावा हे कळेना. साहेबांनी ताटाच्या कडेची चटणी भाताबरोबर संपवली. मग म्हणाले, "चटणी आणखी आहे का?"

जेवण झाल्यावर त्यांनी नियमांची प्रत मागितली आणि तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "'नातेवाईक' म्हणजे कोण, हे यात कुठेच दिलेले नाही," त्यांनी मला सांगितले. मी म्हणालो की, तसे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यांनी शेरा लिहिला: 'नातेवाईक या शब्दाची व्याख्या नियमांत नाही. ती वरून मागवण्यात यावी. ती येईपर्यंत आहे तसे चालू ठेवावे.' खाली सही केली, वळकटी उचलली आणि मोटारीच्या वेळेआधी तासभर खिडकीकडच्या खाटेवर झोपले.

व्याख्येची मागणी नागपूरला गेली. ती तिथे असतानाच राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. आमचे दप्तरही गाड्यांत भरून तिकडे गेले. साहेब पलीकडेच, मध्य प्रदेशात राहिले. निवास आहे तसे चालू राहिले.

बाईंना शहरात पद मिळाल्याची बातमी दरम्यान सावलीला पोचली होती. एका दिवाळीला त्यांचा भाऊ तांदळाचे पोते घेऊन हजर झाला. "आता आठोवली बहीन?" असे म्हणून त्यांनी त्याला अर्धा दिवस पायरीवर बसवले आणि मग जेवू घातले.

साहेबांच्या बाबतीतला पराभव मात्र त्यांना सोसवेना. त्या मला पत्ता काढायला लावून पोस्टकार्डे लिहून घेत. 'आजीचे माहेर कळवा.' 'आजोबांना बहीण होती काय?' साहेब दर वेळी उत्तर पाठवत, बहुधा कुठे कुठे विचारून. चार वर्षांनी गाठ बसली. साहेबांच्या आजीच्या जावेने वैनगंगेकाठच्या एका बाईला धाकटी बहीण मानले होते आणि ती बाई गिरजाबाईंच्या सासूची सख्खी मावशी निघाली. बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या नात्याने साहेब त्यांचे भासरे लागत होते, म्हणजे थोरल्या बहिणीकडून आलेले, म्हणून वय काहीही असले तरी नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढे बाईने डोईवर पदर घेऊन राहायचे आणि तोंडाला तोंड द्यायचे नाही.

पुढे साहेब मुद्दाम भेटायला आले, तेव्हा गिरजाबाई पदर नाकापर्यंत ओढून दाराआड उभ्या राहिल्या.

"कशा आहात, गिरजाबाई?"

"बाबू, भासऱ्यायले सांग, बरी आहे म्हना. अन् तवा तोंड वर करून बोलली, त्याची माफी द्या म्हना."

साहेब बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होते. त्यांनी दारापाशी जाऊन पुन्हा पुन्हा विनवले की हे नाते रद्द समजावे. दाराआडून माझ्यामार्फत उत्तर आले, "नातं का तुमची बदली आहे?" चटणी मात्र दाराच्या फटीतून तीन वेळा बाहेर आली.

गिरजाबाई एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेल्या. खांदा कोणी द्यायचा यावरून निवासात इतके भांडण झाले की शेवटी दर पन्नास पावलांवर माणसे बदलायचे ठरले. रहीमभाई आपला क्रम संपल्यावरही बाजूला झाले नाहीत. मागच्याने ओरडून सांगितले, तर म्हणाले, "मी भाऊ आहे. तू कोन?"

मागच्या महिन्यात मुंबईहून पत्र आले. नातेवाईक या शब्दाच्या व्याख्येबाबत विचारणा करणारा मूळ कागद कार्यालयात उपलब्ध नाही, तरी त्याची प्रत पाठवावी, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल. प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. शोध चालू असल्याचे मी कळवले आहे.