न सुटलेला बाण

गेल्या आठवड्यात वीर स्टेशनला उतरले, तेव्हाच ठरवलं होतं की घरी जायचं नाही. तुडीलला आई-बाबा वाट बघत होते, महाडला कॉलेजात सत्काराची तयारी झाली होती... आणि मला कोणाचंही तोंड बघायचं नव्हतं.

"यात काय हाय गो, गिटार?" रिक्षावाल्या काकांनी माझ्या पाठीवरची बॅग बघून विचारलं. आत धनुष्य होतं. मी हो म्हटलं. महाडच्या नाक्यावर माझ्या फोटोचा बॅनर लागला होता, रिक्षा त्याच्या खालूनच गेली. काकांनी ओळखलं नाही, बरंच झालं.

स्टँडवरून पोलादपूरची एसटी धरली. आत्याची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. आत्याचे दोन्ही मुलगे मुंबईला असतात, घरी ती एकटीच. मोबाईलला रेंज पण धड नाही... मला तेवढंच हवं होतं.

काय झालं ते आज सांगते. बातमीत नुसतं 'थोडक्यात पदक हुकलं' एवढंच आलंय.

विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून आमची तीन मुलींची तिरंदाजीची टीम होती. ब्रॉंझची मॅच, तीन सेटनंतर बरोबरी. शेवटच्या सेटला तिघींनी मिळून दोन मिनिटांत सहा बाण मारायचे होते आणि सहावा बाण माझा होता. आठ गुण मिळाले असते तरी पदक आमचं होतं... सत्तर मीटरवरून आठ मी रोज मारते.

धनुष्याला धातूची एक पातळ पट्टी असते, तिला क्लिकर म्हणतात. बाण पुरता मागे खेचला की ती 'टक्' वाजते. टक् झालं की बोटं सैल सोडायची, बाण जातो.

टक् झालं. बोटं सुटली नाहीत... धनुष्य खाली घेतलं, पुन्हा ताणलं. पुन्हा टक्, आणि बोटं दोरीला तशीच घट्ट. माझ्या मागे दोघी उभ्या होत्या, एकीने हळूच माझं नाव घेतलं. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा बाण अजून धनुष्यावरच होता.

त्या दोघींपैकी झारखंडच्या ताईचं हे शेवटचं वर्ष. वयामुळे तिला आता विद्यापीठाकडून पुन्हा खेळता येणार नाही. तरी तिनेच माझं किट भरलं, बॅगेची चेन लावली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं...

आत्याकडे चार दिवस मी नुसती पडून होते. "जेव गो, उपाशी किती दिस ऱ्हाशील," एवढंच ती म्हणायची. तिला पदकाबिदकाचं काही माहीत नाही, मीही सांगितलं नाही.

आत्याकडे आहे एवढं मी आईला कळवलं होतं, तिला विचारून पाचव्या दिवशी दुपारी सर आले. आमच्या कॉलेजचे खेळाचे सर, अकरावीत असताना माझ्या हातात धनुष्य त्यांनीच दिलं. एसटीतून उतरून सगळी चढण पायी आले होते, शर्ट घामाने चिंब. मला वाटलं आता समजूत काढणार... पण त्यांनी आत्याने दिलेला कोरा चहा संपवला आणि विचारलं,

"किती दिवसांपासून होतंय हे?"

"त्या दिवशीच झालं, सर."

"खोटं नको बोलूस. गेल्या वर्षी राष्ट्रीयला मी बघितलंय. टक् झालं की तू थांबायचीस."

खरं होतं. वर्षभर होत होतं... टीममधून काढतील म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सरांनी रिकामा कप खाली ठेवला. आम्हाला ते कायम सांगत आलेत की खांदा गेला म्हणून धनुष्य सोडलं. "खांद्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "माझीही बोटं अशीच अडायला लागली. नाव घेतलं तर वाढेल असं वाटायचं, म्हणून कोणाकडे बोललो नाही. तुझं दिसलं तेव्हाही गप्प बसलो. चुकलं माझं."

"बरं होतं का हे?"

"काहींचं होतं... माझं नाही झालं."

मला इतका राग आला की मी उठून मागच्या दारी गेले. तिथे खूप रडले. आणि रडता रडता लक्षात आलं की सर माझ्याशी जसे वागले, तशीच मी त्या दोघींशी वागले होते.

सर गेल्यावर मी वरच्या माळावर गेले, तिथे थोडी रेंज येते. कॉलेजला सत्कार नको म्हणून कळवलं. मग दोघींना मेसेज केला की मला हे वर्षभर होत होतं आणि मी लपवलं. मणिपूरच्या मैत्रिणीचं दोन ओळींचं उत्तर आलं. झारखंडच्या ताईने वाचलंय... उत्तर दिलेलं नाही. तिने का द्यावं?

काल आत्याच्या अंगणात पेंढ्याचा भारा लावून तीन पावलांवरून मारून बघितलं. समोर टार्गेटचा कागदसुद्धा नव्हता. दहा वेळा दोरी ताणली, तीन बाण सुटले.

उद्या तुडीलला जातेय. आई-बाबांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पुन्हा खेळेन की नाही ते माहीत नाही, आज तरी नाही असंच वाटतंय... तुमच्यात कोणी खेळणारं असेल आणि हात असा अडत असेल, तर आपल्या टीमला आधी सांगा.

आणि सर, एवढी चढण चढून आलात आणि 'होईल सगळं नीट' असं एकदाही म्हणाला नाहीत... त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते.