तुर्की रोल आणि आमचे मामा

माझ्या सासऱ्यांना मी कागद खायला घातला आहे. (तोही तेलकट.)

मामा, म्हणजे माझे सासरे, वडवणीहून बीडला आमच्याकडे मुक्कामाला आले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच! त्या रात्री त्यांना घेऊन मी आणि बायको एका रिसेप्शनला गेलो, तर नवरा-नवरीसोबत फोटो काढेपर्यंत तिथलं जेवण संपलं. परतताना उघडं दिसलं ते फक्त तुर्की कबाबचं दुकान. बाहेर मोटारसायकलींची ही गर्दी, आत उभ्या सळईवर फिरणारा कोंबडीचा डोंगर, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत धूर!

"हे काय असतं, जावईबापू?" मामांनी विचारलं.

मी त्या दुकानाची पायरी आयुष्यात चढलो नव्हतो. पण जावई होतो ना!

"तुर्कस्तानचा रोल, मामा. मी लई वेळा खाल्लाय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी धुराकडे पाहिलं.

गर्दीत धक्के खाऊन तीन रोल मिळवले. पोळीभोवती पांढरा, पातळ कागद इतका घट्ट गुंडाळलेला, की मला ती वरची पोळीच वाटली. मामा माझ्याकडे बघत थांबले होते. मी ऐटीत मोठा घास घेतला. चावला. पुन्हा चावला. तो काही केल्या तुटेना!

"जरा चिवट हाय," मामा म्हणाले. त्यांनीही तसाच घास घेतला होता.

"तिकडची पोळी अशीच असते, मामा."

"अहो, कागद आहे तो!" बायको कुजबुजली.

"तू गप!" (इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं.)

तेवढ्यात सळईजवळचा कबाबवाला सुरी थांबवून ओरडला, "चचा, कागज तो निकालो!"

सगळं दुकान वळलं. दोन पोरं तर हसून हसून टेबलावर पडली. माझे कान तापले. मी काही बोलायच्या आत मामांनी मान ताठ केली आणि म्हणाले, "असू द्या हो, आमच्याकडं असंच खात्यात." आणि सगळ्यांदेखत कागदासकट आणखी एक घास घेतला! माझी लाज राखण्यासाठी तो माणूस शांतपणे कागद चावत होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

घरी चालत येताना बायको दहा पावलं पुढे होती. मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, ठावं नव्हतं तर तसं सांगायचं की. मला बी ठावं नव्हतं. दोघांनी मिळून इचारलं असतं."

इतकं मायेनं मला कुणी कधी रागावलं नव्हतं. आता तरी खरं बोलावं, मामांची माफी मागावी, म्हणून मी थांबलो, दाढेत अडकलेला कागद जिभेने बाजूला सारला आणि म्हणालो,

"तसं नाही मामा, चांगल्या दुकानात सोलूनच देतात!"