मेंढीचं रक्त आणि माझं

टेस्ट ट्यूब रोजच्या रोज धुतल्या नाहीत की सिंकमध्ये साचतात, तसे आमच्या नागपूरच्या लॅबचे किस्से साचलेत. एकेक काढते. घाई करू नका, आता दमायला होतं.

काम एकच. माणसाच्या पांढऱ्या पेशीवरचं एक प्रोटीन मेंढीच्या लाल पेशीवरच्या प्रोटीनला धरून ठेवतं. मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशीभोवती लाल पेशींचं फूल दिसतं. फुलं भरपूर, तर प्रतिकारशक्ती शाबूत. क्षयाच्या पेशंटमध्ये ती कमी का होतात, यावर माझी पीएच.डी.! पण पकड इतकी नाजूक, की ट्यूब जोरात हलली की फुलं सुटलीच. माझे गाइड सर बजावायचे, "झोपलेलं बाळ उचलतेस असं समज!" तीन वर्षं मी बाळं उचलली. मान कायमची गेली.

*

मेंढ्या तीन, पण नीट चिकटायचं एकीचंच रक्त. अख्खा प्रबंध तिच्या जिवावर! आमचे अटेंडंट सुखदेवजी, पारशिवनीकडचे, तिची मर्जी सांभाळायचे. मी सिरिंज घेऊन गेले की म्हणायचे, "आज नका घेऊ बाई. रुसून राहिली ते."

मी मुकाट्याने परत. रुसायची सोय फक्त मेंढीला होती.

*

ट्यूब बर्फात ठेवायच्या. एकदा मे महिन्यात डबा उघडते तर सहाही ट्यूब आडव्या आणि मधोमध संत्र्याच्या सरबताची बाटली! शेजारच्या लॅबचे डॉक्टर म्हणतात, "काहून चिडून राहिल्या मॅडम? बर्फ तसाही वितळूनच राहिला होता ना!"

*

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्तही लागायचं. आधी सगळे हौसेने द्यायचे. पुढे मी सिरिंज घेऊन दिसले की कॉरिडॉर रिकामा! मग काय, दर वेळी माझंच. सुखदेवजींना वाईट वाटायचं. "मेंढीले तरी हरभरा भेटते. तुम्हाले काय भेटते, बाई?"

*

शेवटी बाहेरगावचे परीक्षक आले. म्हणाले, "फुलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही!"

त्या दिवशी मेंढी राजी होती, बर्फही टिकला होता. मी आधीच एक थेंब पाहून ठेवला होता, फुलंच फुलं! निरोगी रक्ताची ट्यूब अलगद त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने ट्यूबच्या तोंडावर अंगठा दाबला आणि औषधाच्या बाटलीसारखी ती खळाखळा हलवली.

सरांनी डोळे मिटले. माझी तीन वर्षं पाण्यात गेली!

परीक्षकांनी थेंब स्लाइडवर घेतला, बराच वेळ पाहिला. मग चष्मा पुसत गंभीरपणे म्हणाले, "एकही फूल नाही. हा पेशंट महिनाभरही काढायचा नाही. कोणाचं रक्त आहे हे?"

मी म्हटलं, "माझं, सर."