दव वाळण्याआधी ऐनावर चढलो

"मणक्याला बर्स्ट फ्रॅक्चर आहे," एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणका चिरडतो आणि त्याचे तुकडे आतल्या मज्जारज्जूवर दाबतात. धाकटा भाऊ किसन कॉटच्या पायथ्याशी उभा होता. डॉक्टरांनी विचारलं, "पडल्यावर पाय हलत होते का?"

मी म्हणालो, "नाय. पडलो तवाच गेले."

हे खोटं होतं.

आमचा पाडा वैशाखऱ्याजवळ. थंडीत आम्ही राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटतो. त्या शेतात पसरून वाळवायच्या, उन्हाळ्यात भाजायच्या, मग त्या जागी भाताचं रोप जोमानं येतं. झाडावर ऊन आल्यावरच चढायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला कारखान्यात नऊची पाळी गाठायची होती, म्हणून सातलाच कोयता घेऊन चढलो. पाय काकडले होते, तर मोजेही काढले नाहीत. कमरेला बांधायचा दोर खालीच ठेवला. दवानं साल ओली, मोजे ओले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

पाठीवर पडलो. कमरेत जीवघेणी कळ आली, पण पायाची बोटं हलत होती. मी हलवून बघितली.

किसन धावत आला. "दादा, ऊठ रे, काय नाय झाला," म्हणत त्यानं काखेत हात घालून मला उठवलं आणि मोटारसायकलवर मध्ये बसवलं. मागून शेजाऱ्यानं धरलं. आमच्याकडे पडलेल्याला असंच नेतात. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होतो. मुरबाड येईपर्यंत पाय बधिर झाले. तिथून ठाण्याला पाठवलं.

"अशा माणसाला कधी बसवू नका," डॉक्टर सांगत होते. "सपाट फळीवर, मान-पाठ सरळ ठेवून आणायचं." किसन खाली बघत होता. त्याच्यासमोर खरं बोलायला माझी जीभ रेटली नाही.

ऑपरेशन झालं, सळ्या-स्क्रू बसले. मग पॅराप्लेजिया हा शब्द कळला, म्हणजे कमरेखालचं अंग लुळं पडणं. लघवीला नळी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, ती किसनच बदलायचा. कधी त्याचा इतका राग यायचा की भिंतीकडे तोंड करावंसं वाटे. तेवढ्यासाठीही त्यालाच सांगावं लागे.

"चालणं कठीण आहे," डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं.

या थंडीत राबाला निघण्याआधी पाड्यातली माणसं आमच्या ओट्यावर जमली. किसन उभा राहिला. एरवी चारचौघांत तो तोंड उघडत नाही.

"दव वाळल्याबिगर कोनी चढू नका. दोर बांधा. आनि कोन पडलाच तर उचलू नका, बसवू नका. फळी आना." मग थांबला. "दादाची बोटं हलत व्हती. मी बघितली व्हती. मीच त्याला गाडीवर बसवला."

मी खाटेवर पडल्या पडल्या रडलो. वर्षभर मला वाटत होतं, मी त्याला जपतोय. सगळं माहीत असून तो माझी कूस बदलत होता. त्याचे आभार तोंडानं मानता येत नाहीत, म्हणून हे लिहिलं. तुम्हीही चढणार असाल, तर आधी ऊन येऊ द्या.