न्यू थॉर्नबेकचं आभारप्रदर्शन

मी अमेरिकेला निघाले तेव्हा भोरच्या आमच्या घरासमोर जीप उभी होती, बॅगा चढवून झाल्या होत्या, आई रडायच्या बेतात होती आणि बाबा पायरीवर उभे राहून आभार मानत होते. जीपवाल्याचे, बॅगांचं वजन करायला तागडी देणाऱ्या वाण्याचे, चकल्या तळून देणाऱ्या शेजारच्या काकूंचे, आणि या सगळ्या गर्दीमुळे खोळंबलेल्या दूधवाल्याचेही. दूधवाल्याला आपण नेमकं काय केलं ते कळेना, पण त्याने सायकल स्टँडवर लावून नमस्कार केला. तोवर जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला होता. आईचं रडू त्या भाषणात मागे पडलं ते पडलंच.

बाबा शाळेत मराठी शिकवायचे, पण गावात त्यांची खरी ओळख आभार मानणारे मास्तर अशी होती. व्याख्यान असो, सत्कार असो, दवाखान्याचं उद्घाटन असो, शेवटी बाबा खिशातून चिठ्ठी काढून उभे राहायचे. "प्रमुख पाहुण्यांचं नाव एक वेळ चुकलं तरी चालेल," ते म्हणायचे, "पण सतरंज्या घालणाऱ्याचं नाव राहता कामा नये." बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आई भोरलाच आहे आणि इकडे यायचं नाव काढत नाही.

अमेरिकेतलं आमचं जुनं गाव अल्फारेटा, तिथल्या मराठी मंडळींनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, आणि भोरकरांना तर मी हल्ली काय करते हे अजून नीट सांगितलेलंच नाही. म्हणून दोघांनाही एकदमच सांगते. अल्फारेटात आम्ही अठरा वर्षं राहिलो. मुलगी ईशा कॉलेजला गेली, सुनीलचं ऑफिस त्याच्या लॅपटॉपमध्ये येऊन बसलं, आणि एक दिवस तो म्हणाला, "यार, आता डोंगरात जाऊ." मला वाटलं, वीकेंडला. तर त्याने व्हरमाँटमध्ये घर बघून ठेवलं होतं. मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, तिथे कढीपत्ता कुठे मिळतो? मिळत नाही. खिडकीत कुंडी आहे आणि तिच्यात सात पानं आहेत.

आमच्या गावाचं नाव न्यू थॉर्नबेक. इंग्लंडच्या उत्तरेकडे डोंगरात थॉर्नबेक नावाचं मेंढपाळांचं खेडं आहे. तिथली वीसेक कुटुंबं दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी जहाजात बसून इकडे आली, आणि इथे येऊन त्यांनी काय केलं, तर तिथलं जसंच्या तसं सगळं पुन्हा उभं केलं. तोच ओढ्यावरचा पूल, फक्त इथे बर्फ फार म्हणून त्याला छप्पर घातलं. शेताशेतांमधले तेच दगडी बांध, आणि बांधांवरून तीच भांडणं. मधोमध तसंच गवताचं पटांगण, कडेला गुरांना पाणी प्यायला दगडी डोणी. आणि चुकार गुरं अडकवून ठेवायला दगडी भिंतींचा चौकोन. इंग्रजीत त्याला पाऊंड म्हणतात. अमेरिकन पाहुण्यांना तो समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. मी पहिल्या दिवशी बघितला आणि म्हटलं, हा कोंडवाडा.

गावाचा हा सगळा इतिहास डोरोथीच्या ताब्यात आहे. वय चौऱ्याऐंशी. इतिहास मंडळाची अध्यक्ष तीच, सेक्रेटरी तीच, आणि वस्तुसंग्रहाच्या जुन्या घराच्या किल्ल्याही तेव्हा तिच्याकडेच असायच्या. उन्हाळ्यात दर शनिवारी ती पर्यटकांना गाव फिरवून दाखवायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर चढ चढता येईना, म्हणून तिने पोस्ट ऑफिसात चिठ्ठी लावली, मदतनीस हवा. मी एकटीच गेले. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, त्या किल्ल्या आणि गावाच्या माहितीची चाळीस पानं दिली आणि सांगितलं, "हा एक उन्हाळा बघू. नाही जमलं तर किल्ल्या परत." मला ते काम किती हवं होतं हे मलाच त्या क्षणी कळलं. दोन वर्षं झाली होती गावात, आणि अजून लोक मला 'त्या निळ्या घरातली' म्हणायचे.

काम मला जमलं, आणि त्याचं श्रेय अल्फारेटाला आहे. आमच्या गावात समोरासमोर दोन चर्च आहेत, दोन्ही पांढरी, दोन्ही सारखी. पर्यटक विचारतात, एवढ्याशा गावात दोन कशाला? डोरोथीच्या पानांत लिहिलं होतं, 'धार्मिक मतभेद'. मी पुढचे कागद वाचले. अर्ध्या गावाला चर्चमध्ये लोखंडी शेगडी हवी होती, आणि उरलेल्या अर्ध्याचं म्हणणं असं की कुडकुडल्याशिवाय प्रार्थना पोचत नाही. कुडकुडणारे उठून रस्त्यापलीकडे गेले. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी आमच्या अल्फारेटाच्या मंडळाचा इतिहास आठवावा. गणपतीच्या जेवणात मसालेभात की पुलाव, यावरून फूट पडली आणि पुढची नऊ वर्षं एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांच्या कॅफेटेरियात दोन गणपती बसले. सुनील दोन्हीकडे जेवायचा. मी शेगडीची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की मागे काठी टेकत आलेली डोरोथी म्हणाली, "कागदात एवढं नाही. पण असंच झालं असणार."

दौऱ्याचा शेवट जंगलात व्हायचा. मेंढ्यांच्या लोकरीला भाव येईनासा झाला तेव्हा निम्मं गाव आणखी पश्चिमेला निघून गेलं. घरं पडली, झाडी माजली, फक्त दगडी जोती उरली. त्या जोत्यांशेजारी लायलॅकची झुडपं मे महिन्यात अजून फुलतात. दाराशी लावलेली असायची ती. दार कुठे होतं ते आता झुडपावरूनच ओळखायचं. तिथे मी फारसं बोलत नाही. घर सोडून आलेल्यांची घरं सोडून गेलेले लोक, हे इंग्रजीत सांगायला गेलं की वाक्य जमत नाही.

तर गेल्या वर्षी जुलैत खुद्द इंग्लंडच्या थॉर्नबेकहून अकरा माणसं गाव बघायला येणार असं कळलं. स्वागताचा कार्यक्रम माझ्याकडे आला, कारण कमिटीतले उरलेले चौघे मीटिंगला आले नव्हते. डोरोथीला अपेक्षित होतं ते असं, की दोन मिनिटं वेलकम म्हणायचं आणि ॲपल पाय कापून खायचा. पण पाहुणे साता समुद्रापलीकडून येणार, आणि त्यांचा सत्कार नाही? मी फोनवर ईशाला बेत सांगितला. ती म्हणाली, "आई, नो वन डज दॅट हिअर. जस्ट से थँक यू अँड कट द पाय." मी तिचं ऐकलं नाही. अडीच तास ड्राइव्ह करून अकरा नारळ आणले.

कार्यक्रम पटांगणावर झाला. आधी मी प्रास्ताविक केलं. मग डोरोथीच्या हस्ते शाल आणि श्रीफळ. पाहुण्यांचे म्होरके कॉलिन, निवृत्त गुरांचे डॉक्टर, उंच आणि फार सभ्य गृहस्थ. नारळ कुठे ठेवायचा हे कोणी न सांगितल्यामुळे त्यांनी तो पूर्ण वेळ तान्ह्या मुलासारखा कडेवर धरला. ऊन रणरणत होतं, पण अकराच्या अकरा इंग्रजांनी शाली काढल्या नाहीत. एका बाईंना थोडी चक्कर आली, तेव्हाही त्या शालीसकट सावलीत गेल्या.

आणि शेवटी मी खिशातून चिठ्ठी काढली. शेगडीवाल्यांचं आणि कुडकुडणाऱ्यांचं, दोन्ही चर्चची नावं मी एका श्वासात घेतली, कोणाचं आधी असं कोणाला वाटायला नको. खुर्च्या देणारे, टेबलं आणणारे अग्निशमनवाले, बटाट्याचं सॅलड करणाऱ्या तिघी, पाहुण्यांच्या बसचा ड्रायव्हर. पहिल्या पाच नावांपर्यंत लोक घड्याळं बघत होते. दहाव्या नावाला कुजबुज थांबली. पंधराव्या नावापासून माणसं खुर्चीत सरसावून बसली, आता आपलं येणार म्हणून. पटांगणाचं गवत कापणारा वॉल्ट हवामानाखेरीज कशावर बोललेला कोणी ऐकला नव्हता. नाव घेतल्यावर तो उभाच राहिला, टोपी काढली आणि पुन्हा बसायचं विसरला. पंचवीस मिनिटं चाललं. सतरंज्या नव्हत्या, नाहीतर तेही नाव आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर न सांगता वॉल्ट आमच्या अंगणातलं गवत कापत होता.

मी हवेतच होते. चार दिवसांनी डोरोथीचा ईमेल आला, एक ओळीचा. किल्ल्या आणून द्याव्यात.

मी चिठ्ठी काढून वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. एकेचाळीस नावं होती आणि त्यांत डोरोथीचं नव्हतं.

त्या रात्री मी सुनीलला तीनदा तरी विचारलं असेल, आता काय करू. तो म्हणाला, "सॉरी म्हण, संपलं." नवऱ्यांना सगळं तीन शब्दांत संपतं असं वाटतं. सकाळी मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेले. डोरोथी पडवीत बसली होती. तिने खुर्ची दाखवली, पण कॉफी विचारली नाही.

"बस ड्रायव्हरच्या बायकोचं नाव घेतलंस," ती म्हणाली. "ती आलीसुद्धा नव्हती."

"तिने त्याला डबा दिला होता," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं मी हे गाव सांभाळलं. इथे कोणी कोणाचं नाव असं मोठ्याने घेत नाही, त्यामुळे माझं घेतलं नाही याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटतंय. ही सोय तू केलीस."

मी मनापासून सांगितलं ते असं. आमच्यात घरच्यांचे आभार मानत नाहीत. मानले तर माणूस परकं होतं. शाली तुमच्या हातून दिल्या, म्हणजे तुम्ही यजमान, म्हणजे घरच्या. यादी करताना तुम्ही मला आठवला नाहीत, कारण तुम्ही माझ्याच बाजूला उभ्या होता. माझ्या बाबांनी गावभर आभार मानले, पण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे पोहे करणाऱ्या माझ्या आईचं नाव एकदाही घेतलं नाही.

डोरोथीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुझ्या आईला ते चाललं?"

पन्नाशी उलटली, पण हा प्रश्न मी आईला कधी विचारला नव्हता. भोरला संध्याकाळ झाली असेल असा हिशोब करून मी तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, बाबांनी भाषणात तुझं नाव कधी घेतलं नाही. तुला वाईट वाटायचं का गं?"

"वाटायचं तर," आई म्हणाली. "ज्या दिवशी सभा असायची त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांच्या चहात साखर नसायची. तुम्हाला वाटायचं रेशनची संपली."

मी डोरोथीला इंग्रजीत सांगितलं. डोरोथी इतकी हसली की तिचा गुडघा दुखला. आई विचारायला लागली, कोण हसतंय, कोण आहे तिथे. मी थोडक्यात सगळं सांगितलं. आईचं मत पडायला वेळ लागला नाही. "त्या बाईंचं बरोबर आहे. घरचं माणूस म्हणून किती दिवस खपवणार? आभार मान त्यांचे. आत्ता. मी ऐकते."

मग मी उभी राहिले. पडवीत डोरोथी, टेबलावर फोन आणि कठड्यावर तिचं मांजर, एवढ्या सभेपुढे मी आभार मानले. चाळीस पानांबद्दल, किल्ल्यांबद्दल, कुठल्या जोत्यावर कुठलं कुटुंब राहायचं हे पाठ ठेवल्याबद्दल. आणि निळ्या घरातलीच्या हातात स्वतःचं गाव दिल्याबद्दल. तिकडून आईने एकटीने टाळ्या वाजवल्या. आईचं नाव मी त्यानंतर घेतलं, मराठीत. ती म्हणाली, "पुरे आता, कुकर लावायचाय." डोरोथीने किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या आणि कॉफी आणायला उठली.

आमच्याकडे मार्चमध्ये गावसभा भरते. सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये बसतं आणि रस्त्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळ्यावर हात वर करून मत देतं. यंदा कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय नवा होता, आभार. त्यांना ही सवय लागली ती माझ्यामुळे, म्हणून मी तिसऱ्या रांगेत जरा नीटनेटकी होऊन बसले होते. बर्फ काढणारे झाले, खुर्च्या लावणारे झाले, वॉल्टने या वेळी उभं राहायची तयारी आधीपासून केली होती. माझं येईल, आता येईल. यादी संपली. लोक कोट घालायला लागले.

मी वळून डोरोथीकडे बघितलं. यादी तिनेच लिहिली होती. ती काठी शोधत होती, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्यात घरच्यांची नावं घेत नाहीत, असं तूच म्हणालीस ना?"

अल्फारेटात अठरा वर्षांत कितीतरी याद्यांतून माझं नाव गळलं, मला कधी काही वाटलं नाही. हसून गाडीत बसायचं आणि निघायचं. इथे मात्र मी संतापले. घरी येऊन सुनीलला सगळं दोनदा ऐकवलं, आणि ऐकवता ऐकवता माझ्या लक्षात आलं की रुसण्याइतकं हे गाव आता माझं झालंय. पाहुण्या माणसाला रुसता येत नाही. दोन दिवस मी डोरोथीचा फोन घेतला नाही आणि ते दोन दिवस फार सुखात गेले. तिसऱ्या दिवशी घेतला. ती म्हणाली, उन्हाळा लांब आहे, पण शनिवारी सोळा जण गाव बघायला येतायत, रस्त्यात चिखल आहे, बूट नीट घालून ये.