काळोखमास्तरांची करडी रात्र

थिएटरात त्यांना सगळे काळोखमास्तर म्हणत. प्रोजेक्टर चालवण्यात उभा जन्म गेलेला. खेळ सुरू असताना कुणाचा मोबाइल लुकलुकला, की केबिनमधून खाली येऊन त्याची हजेरी घेणार. "उजेड कुणीही पाडेल हो, काळोख राखायला अक्कल लागते," हे त्यांचं पालुपद.

अशा माणसाच्या हाती नवा एचडीआर प्रोजेक्टर आला. एकाच चित्रात उजळ ते लखलखीत आणि काळं ते ठार काळं, ही त्याची ख्याती. बसवला त्या दिवशी मास्तर लहान मुलासारखे नाचले होते. पण थिएटर सजवून झालं, उद्घाटन तोंडावर आलं, आणि त्यांना पडद्यावरची रात्र करडी दिसू लागली. सेटिंग तपासलं, लेन्स पुसली. तरी करडीच.

मास्तरांच्या थोरल्या भावाचे डोळे असेच गेले होते. त्यालाही आधी सगळं धुरकट दिसायचं. डॉक्टरकडे जायचा धीर होईना, आणि बायकोला सांगावं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. मास्तर ताटावरून अर्धवट उठू लागले.

खुर्च्यांची नवी क्रीम रंगाची कव्हरं बायकोनंच शिवली होती. ती कशी शोभतात ते बघायला ती सकाळी थिएटरात आली. पडद्यावर चाचणीचं चित्र होतं: काळी रात्र आणि मधोमध भलामोठा चंद्र.

"अहो, एवढा गाजावाजा केलात आणि रात्र अशी विटकी?"

"तुलाही विटकी दिसतेय?"

"मग? मला काय डोळे नाहीत?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं, मी आंधळा होतोय गं."

तिनं आधी त्यांचा हात घट्ट धरला, मग यथेच्छ झापलं. ते ऐकून घेताना मास्तरांची पाठ पहिल्यांदाच पडद्याकडे झाली. समोर रांगाच्या रांगा कव्हरं चंद्राच्या उजेडात झगमगत होती, आणि तोच उजेड परत पडद्यावर फेकत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"रागावू नकोस," मास्तर चाचरले, "पण चोर तुझी कव्हरं आहेत."

"मग बघत काय बसलात? काढा!"

दोघांनी मिळून कव्हरं ओढून काढली. खालच्या गडद खुर्च्या उघड्या पडल्या. मास्तरांनी वळून पाहिलं. चंद्र तसाच लखलखत होता, पण त्याच्याभोवती पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे लागते, तेच कळेना.

"अगं, काही दिसत नाही!" मास्तर आनंदानं ओरडले. "चंद्र सोडला तर मला काही म्हणजे काही दिसत नाही!"